पाठीवरचे पन्नास

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. घराच्या दारावरची किंवा शाळेत गिरवायची नव्हे. रस्त्याच्या कडेला खांबावर गोल, पांढरी, भोवती लाल कडे असलेली पाटी असते ना, ती मी. गाडी ताशी किती किलोमीटर वेगाने हाकावी हे सांगणे माझे काम. तुम्ही खिडकीत बसून माझ्यासमोरून शंभरदा गेला असाल आणि एकदाही मान वर केली नसेल. त्याचा मला राग नाही. पण आज जरा थांबलात, तर मला एक चूक कबूल करायची आहे. ती सांगितल्याशिवाय मला हलके वाटायचे नाही.

माझा जन्म नगरपालिकेच्या वर्कशॉपमध्ये झाला. पत्र्याच्या मोठ्या तावातून मला गोल कापले, माझ्या कडा घासल्या आणि तिथल्या रंगाऱ्याने माझ्या पोटावर पन्नासचा आकडा काढला. त्याचा हात मोठा सफाईदार. शून्य काढताना तो श्वास रोखून धरायचा आणि दोन्ही टोके जुळली की मोठ्याने सोडायचा. तो उष्ण श्वास मला अजून आठवतो.

माझा खांब एका सलूनच्या समोर रोवला. सलूनवाल्याने त्याच खांबाला टेकवून एक बाक ठेवला, त्यामुळे केस कापायला आलेल्यांच्या गप्पा मला फुकट ऐकायला मिळत. बाकी काम म्हणाल, तर मी पन्नास सांगायचे आणि लोकांनी साठने जायचे. पालथ्या घड्यावर पाणी. इतक्या वर्षांत माझे कौतुक एकदाच झाले. गाडी शिकवणाऱ्या एका मास्तरांनी गाडी थांबवून आपल्या शिष्येला माझ्याकडे बोट दाखवले आणि म्हणाले, पाटी कशी असावी, तर अशी. पुढे कित्येक महिने मी त्या एका वाक्यावर काढले.

त्या रस्त्यावर दोन बहिणी समोरासमोर राहत. थोरलीचे घर माझ्या बाजूला, धाकटीचे पलीकडे. धाकटीकडे तिचा नवरा होता आणि दोघी बहिणींची म्हातारी आई. आई अंथरुणाला खिळलेली आणि डोळ्यांनी अधू. मग एका वर्षी थोरलीचे खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, हातात काठी आली, आणि ज्या रस्त्यावरून ती दिवसातून चारदा ये-जा करायची तो रस्ता तिच्यासाठी नदी होऊन बसला. बहिणी खिडक्यांतून एकमेकींना हात करत. पण आईला तो हात दिसणार कसा? आईला थोरलीचा आवाज हवा असे, हाताला तिचा हात हवा असे. थोरलीने पेपर वाचून दाखवला तरच आई नीट चार घास जेवायची.

थोरलीला पलीकडे नेण्याचे काम संध्याकाळी धाकटीचा नवरा करायचा. तो बेकरीची गाडी चालवत असे. सगळा रस्ता त्याला पाववाला म्हणून ओळखायचा. दिवसभर दुकानोदुकानी पाव पोचवून थकलेल्या माणसाला रोज काय हाक मारायची, म्हणून थोरली आठवड्यातून चार-पाचदा आज बरे वाटत नाही असे खोटेच सांगायची. रस्त्याला लागून उभी राहायची, मनात आकडे मोजायची आणि परत फिरायची. मीही तिच्याबरोबर मोजायचे. पाववाल्याच्या हाताला धरून गेली तरी तिला रस्ता ओलांडायला बरोबर बावीस आकडे लागत. त्या रस्त्यावर सलग बावीस आकड्यांची उसंत कुणालाच मिळत नसे.

मग एके दिवशी हुकूम निघाला. वस्तीतल्या रस्त्यांवर वेग तीसच्या वर न्यायचा नाही. तीन महिने करून पाहायचे, लोकांचे म्हणणे ऐकायचे, आणि मग तीस ठेवायचे की पुन्हा पन्नास करायचे ते ठरवायचे. मला उतरवून वर्कशॉपमध्ये नेले. नवा पत्रा संपला होता. जुन्या रंगावर नवा रंग धरत नाही, असे रंगाऱ्याचे म्हणणे. तेव्हा तिथल्या भांडारपालाने तोड काढली, की हिची पाठ कोरी पडली आहे, तिच्यावर काढा तीस. रंगाऱ्याने श्वास रोखून माझ्या पाठीवर झकास तीस काढले.

आता त्या वर्कशॉपची एक रीत ऐका. रंगवलेली पाटी वाळायला भिंतीवरच्या खिळ्याला टांगायची, भांडारपालाने दारातूनच तिच्याकडे बघायचे आणि मान डोलवायची, की काम पसंत. वर्षानुवर्षे असेच चाललेले. भिंतीला टांगलेल्या पाटीला पाठ असते हे तिथे कुणाच्या ध्यानातच राहिलेले नव्हते. माझे जुने पन्नास भिंतीकडे तोंड करून गप्प बसले आणि तसेच माझ्याबरोबर खांबावर आले. बाजाराकडे जाणाऱ्यांना मी तीस दाखवू लागले आणि बाजाराकडून परतणाऱ्यांना पन्नास. परतीच्या बाजूची वेगळी पाटी पत्रा आला की लावू, असे ठरले होते. पत्रा काही आला नाही.

मला हे कळत नव्हते का? पुरते कळत होते. पण पाटीला तोंड असते, वाचा नसते.

तीसचा आकडा दिसल्याबरोबर रस्ताभर एकच गलका उडाला. एकाने गाडीतून डोके काढून मलाच विचारले, की उद्यापासून बैलगाडी आणू का? कुणी माझ्यावर चिखल मारला. कुणी गोगलगायीचे चित्र आणून माझ्या कपाळाला चिकटवले. बाकावर रोज वाद. टॅक्सीवाला म्हणे, आमच्या पोटावर पाय. शाळेच्या बाई म्हणत, पोरे रस्ता ओलांडेपर्यंत माझा जीव टांगणीला असतो, मला तर वीसही चालेल. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असे बोलणारेही कमी नव्हते. त्यांच्याकडे गाडीच नव्हती.

सगळ्यांत नाराज होता पाववाला. तीसने गेले तर शेवटच्या दुकानात पोचेपर्यंत पाव गार होतो, ही त्याची तक्रार. त्याने विरोधाचा अर्ज लिहिला, सर्वांत वर स्वतःची सही केली आणि सलूनच्या बाकावर बसून दोनशे सह्या जमवल्या. सलूनवाला त्याला म्हणाला, "रोज दाढीला बसलास की अर्धा तास हलत नाहीस, तेव्हा नाही का गार होत पाव?" पाववाला हसला, पण अर्ज काही त्याने फाडला नाही. मात्र एक सांगते, माणूस नियमाचा. पटो न पटो, पाटी म्हणेल त्याच्या वर त्याचा काटा कधी जात नसे.

थोरली हे सारे खिडकीतून बघत होती. तिच्या खिडकीतून माझा तीसचाच चेहरा दिसे. सकाळची सगळी रहदारी बाजाराकडे जाणारी. कुरकुरत का होईना, गाड्या हळू झाल्या होत्या. आठवडाभर बघून तिने एका सकाळी काठी उचलली आणि एकटीच रस्त्यात पाऊल टाकले. एक गाडी थांबली, मागे दुसरी थांबली. बावीस आकडे झाले आणि थोरली पलीकडच्या पायरीवर होती. धाकटी दारातच रडायला लागली. आतून पेपर वाचल्याचा आवाज आला तेव्हा, मित्रांनो, कपाळावर गोगलगाय असूनही मला पाटी म्हणून जन्माला आल्याचे सार्थक वाटले.

तीन आठवडे असे सुखात गेले. थोरली रोज सकाळी जायची आणि दुपारची रहदारी सुरू व्हायच्या आत परतायची. मग एका दुपारी धाकटीने खिडकीतून पिवळा टॉवेल हलवला. आई तुझ्या नावाचा धोशा घेऊन बसली आहे, अशी ती त्यांची खूण होती. थोरलीने चपला अडकवल्या. दुपारी रहदारी उलट दिशेने येते, बाजाराकडून घराकडे, आणि त्या बाजूला माझे काय दिसते हे तिला ठाऊक नव्हते.

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. तीस. ती निघाली. मी मोजत होते. एक, दोन, तीन. अकरावर ती रस्त्याच्या मधोमध होती, आणि समोरून बेकरीची गाडी आली.

टायर किंचाळले. गाडीतल्या रिकाम्या पेट्या एकमेकींवर आदळल्या. थोरली हललीच नाही. तिची काठी सुटून पुढच्या चाकाखाली गेली आणि कडकन मोडली. गाडी थांबली तेव्हा तिच्यात आणि गाडीत वीतभर अंतर होते.

पाववाला खाली उतरला. तो रस्त्यावरच बसला.

"तुम्ही?" थोरली म्हणाली. "अहो, पाटीवर तीस आहे ना?"

"ताई, मी तर पन्नास वाचलं. वाटलं, परतीला जुनंच ठेवलंय."

दोघांनी एकदम वर पाहिले. आधी तिच्या बाजूने, मग पाववाला उठून उभा राहिल्यावर त्याच्या बाजूने. लाजेने मला कुठे तोंड लपवू असे झाले, आणि तोंडे तर दोन होती. गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात, ते माझ्या कपाळावर चिकटलेच होते. चूक रंगाऱ्याची होती, भांडारपालाची होती. पण आकडा माझ्या अंगावर होता.

पाववाल्याने आधी थोरलीला दंडाला धरून पलीकडे पोचवले. खिडकी उघडी होती. आई म्हणाली, "आज उशीर केलास." थोरली म्हणाली, "हो गं आई, झाला थोडा."

मग पाववाल्याने गाडी माझ्या खांबाला लावली, टपावर चढला आणि मैद्याची एक रिकामी गोणी माझ्या पन्नासवर ताणून सुतळीने घट्ट बांधली. तीसचा चेहरा तेवढा मोकळा ठेवला. पाटीवर गोणी बांधल्याचे ऐकून दुसऱ्या दिवशी रंगारी आला. पाववाल्याने त्याला शिडीवर चढायच्या आधीच गाठले आणि सगळे सांगितले. रंगारी माझ्याकडे पाहतच राहिला. "भिंतीला टांगलेली होती हो," एवढेच तो म्हणाला. गोणी सोडून त्याने जुना रंग पार पत्र्यापर्यंत खरवडला, दुपारभर खपून त्या बाजूलाही तीस काढले. शून्याची टोके जुळल्यावर त्याने सोडलेला श्वास या वेळी फार लांब होता. गोगलगाय खरवडू का, असे सलूनवाल्याने विचारले, तर रंगारी म्हणाला, राहू दे, तिने काही चूक केलेली नाही.

तीन महिने भरले आणि नगरपालिकेच्या अभियंता बाई फाईल घेऊन लोकांचे म्हणणे ऐकायला माझ्या खांबापाशीच आल्या. बाकाभोवती गर्दी जमली. धाकटी दारात उभी होती, थोरली खिडकीत. मला ठाऊक होते, मी पुन्हा पन्नास झाले तर ती खिडकी आणि तो दरवाजा यांच्यामध्ये पुन्हा नदी वाहणार. बाईंनी विरोधाचा अर्ज काढला आणि पहिले नाव वाचले. पाववाला पुढे झाला.

"माझी सही खोडा," तो म्हणाला.

गर्दीतून कुणीतरी विचारले, आता पाव गार होत नाही का?

"होतो ना. मी घड्याळ लावून पाहिलं, सगळ्या फेरीत सहा मिनिटं जास्त लागतात. त्या दिवशी मी पन्नासने आलो, नियमाने आलो, तरी ताई वाचल्या त्या वीतभर अंतरानं. ती वीत नशिबाची होती. रोज नशिबाच्या भरवशावर मी गाडी नाही चालवणार."

मग टॅक्सीवाल्याने खिशातून पेन काढले आणि आपलीही सही खोडली. सगळ्यांनीच खोडली असे नाही. काही जण नाक मुरडून निघून गेले, ते अजूनही कुरकुरतात. पण आठवडाभराने सलूनवाल्याने बाकावर पेपर उघडला आणि मोठ्याने वाचले, की तीस कायम. थोरलीने आपल्या खिडकीतून पिवळा टॉवेल हलवला. पलीकडून तसाच दुसरा हलला. माझ्या खांबातून एक जुना ताण उतरला.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे. लाल कडे फिके पडले, गोगलगायीचे एक शिंग गेले. माझे मागणे मोठे नाही. तुम्ही मोठे व्हाल, गाड्या चालवाल, तेव्हा माझ्यासारखी कुणी दिसली तर क्षणभर मान वर करा. आणि पाटी रंगवायची पाळी आली, तर ती भिंतीवरून काढून तिची पाठही बघा.

कालचीच गोष्ट सांगते. थोरली पाववाल्याने आणून दिलेली नवी काठी टेकत निघाली होती. मधोमध ती थांबली, चपलेचा पट्टा नीट करू लागली. समोर बेकरीची गाडी उभी होती. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. पाववाल्याने खिडकीतून डोके काढले आणि मागे वळून शांतपणे म्हणाला, "पाव गार झाला तर परत तापवता येतो हो."

मी मोजतच होते. थोरलीला अजूनही बावीसच आकडे लागतात. आता ते तिला मिळतात.