पाऊण तास मेलेला घड्याळजी

"कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण मी चांगला पाऊण तास मेलो होतो!" म्हातारा घड्याळजी दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगत होता. "मग ही समोर बसलीय ना, ती अँब्युलन्सवाली ताई आली. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडेना. मला वाटलं, पोरीला माया लागली. कसली माया! सांगून मोजलं की माणूस श्वास बदलतो, म्हणून नाडीच्या नावाखाली माझे श्वास मोजत होती. मग विचारलं, 'आजोबा, सकाळपासून काय खाल्लंत?'"

त्या दिवशी बायकोशी भांडून त्यानं ताटाला हात लावला नव्हता, मधुमेहाची गोळी मात्र गिळली होती. बायकोसमोर "पोटभर जेवलो" म्हणणारच होता, पण ताईनं इतक्या आपुलकीनं विचारलं की खोटं बोलवेना. खरं सांगितलं, साखरपाणी मिळालं, जीव वाचला.

आज तिच्या दुरुस्त केलेल्या घड्याळाची काच त्यानं तीनदा पुसली. "हिचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत."

ताई हसली. "आजोबा, मेला होतात, तर उपाशीपोटी गोळी घेतल्याचं मला सांगितलं कुणी?"