राहून गेलेला ठिपका

मित्रांनो, हसणार नसाल तर सांगतो. मी एक जुना माऊस आहे, तोही वायरवाला! माझी पाठ झिजून गुळगुळीत झाली आहे आणि डावं बटण त्याच्या मनात आलं तरच दबतं.

कारखान्यातून निघालो तो एका वेब डिझायनर मुलीच्या टेबलावर आलो. पाच वर्षं तिच्या हाताखाली राबलो. मग तिने बिनवायरचा नवा माऊस घेतला आणि माझी रवानगी खणात झाली. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय!

मला बाहेर काढलं ते तिच्या बाबांनी. ते नुकतेच निवृत्त झालेले पोस्टमन. आमच्या गल्ल्यांत घरांचे नंबर वेडेवाकडे, त्यामुळे अ‍ॅम्ब्युलन्स हमखास चुकायची. कोण कुठे राहतं हे फक्त बाबांच्या डोक्यात होतं. शिवाय मुलीच्या आईंचं हृदय नाजूक.

"उद्या हिला काही झालं तर? मला नकाशा करायला शिकव," ते लेकीला म्हणाले.

अहो, काय ते शिकणं! पत्रावर शिक्का मारावा तसे ते मला टेबलावर आपटायचे.

"बाबा, हळू! जीव जाईल त्याचा!" लेक ओरडायची.

एकदा त्यांनी अक्षांश-रेखांश उलटे टाकले आणि अख्खी गल्ली समुद्रात जाऊन पडली. पण गडी हटला नाही. तीन महिन्यांत वेबसाइट उभी राहिली. ठिपक्यावर क्लिक केलं की छोटी चौकट उघडायची: 'निळं दार, जिना मागून.' अ‍ॅम्ब्युलन्सच्या चालकाने ती मोबाइलवर घेतली. बाबांचं कौतुक झालं, माझीही मान ताठ झाली.

फक्त एक घोळ होता. बाबांनी ठिपके टाकले ते रोजच्या फेरीच्या क्रमाने, आणि त्यांच्या फेरीत त्यांचं स्वतःचं घर कधी नव्हतंच. घरची पत्रं ते खिशातून आणायचे. एकेक ठिपका मीच टेकवला होता, मला सगळं दिसत होतं. पण मला तोंड कुठे आहे?

एका दुपारी आई छातीवर हात दाबून खाली बसल्या. लेकीने फोन लावला.

"ताई, तुमचा ठिपकाच नाही यात!" चालक म्हणाला.

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. ते अनवाणी नाक्यापर्यंत धावले आणि गाडीला वाट दाखवत आले. आई वाचल्या, पण थोडक्यात.

दहा दिवसांनी त्या घरी आल्या आणि खुर्ची ओढून माझ्यापुढे बसल्या.

"अहो, ठिपका कसा टाकतात?"

"मी टाकतो ना," बाबा खाली मान घालून म्हणाले.

"राहू द्या. तुम्ही साऱ्या गावाचे पोस्टमन!"

त्यांनी मला स्वतःच हातात घेतलं. मित्रांनो, त्या दिवशी माझं बटण पहिल्या दाबात दबलं. मग त्यांनी एकेक अक्षर शोधत चौकटीत लिहिलं: 'दुसरा मजला. आधी यांना पाणी द्या, मग मला उचला.' बाबा हसले आणि हसता हसता रडले.

मला पुन्हा खणात टाकलं तरी माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, जगासाठी काही कराल तेव्हा त्यात आपलं माणूस आहे ना, एवढं एकदा बघून घ्या.