पोतं शिवणारा

पोतं पाठीवर आलं आणि सावळारामचे पाय जागीच थिजले. पुढचं पाऊल उचलेना. मागून रफीकनं हात दिला, म्हणून पोतं खाली आलं नाही.

"चल हळूहळू. मी हाय," रफीक म्हणाला.

नसरापूरच्या भातगिरणीत दोघांनी मिसरूड फुटल्यापासून हमाली केली होती. दुपारी भाकरी सोडताना सावळाराम म्हणाला, "लई दिस झालं, माज्या वाटणीच्या खेपा तूच करतोयस. म्या काय आंधळा न्हाई."

रफीकनं बुक्कीनं कांदा फोडला. "गप जेव."

घरी बायको, ठकुबाई, ताटात आणखी एक भाकरी टाकायची. "खाताय एवढं, पर अंगी लागंना तुमच्या." खाऊनही हातापायांत जीव नसायचा. आपण कामचुकार तर झालो नाही ना, ही शंका त्याला आतून कुरतडायची.

शेवटी तो भोरच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, छाती तपासली.

"मामा, आजार काही नाही. स्नायूंच्या पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया म्हणून अगदी बारीक भाग असतात. खाल्लेल्या अन्नातून ताकद तेच तयार करतात. वय झालं की ते कमी होतात, उरलेलेही नीट काम करत नाहीत."

"म्हंजे म्या आळशी झालो न्हाई?"

"नाही हो, मामा."

सावळारामनं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. मग त्यानं विचारलं, "गोळी द्याल का कसली?"

"याच्यावर गोळी नाही. बसून राहू नका, झेपेल तेवढं काम करा. पण पोती उचलणं आता पुरे."

दुसऱ्या दिवशी त्यानं आपणहून मुकादम आनंदरावांना सांगितलं, "मला पोती शिवायला बसवा." तिथं म्हातारे बसत. एरवी अशा माणसाची थट्टा व्हायची. त्याला कुणीच हसलं नाही, तेच त्याला जास्त लागलं.

खाली बसून दाभण चालवताना समोर फक्त माणसांचे पाय दिसायचे. एका दुपारी रफीक पोतं न्यायला येऊन उभा राहिला. बाहेर टेम्पो भरायचा होता. रफीकच्या पोटऱ्या थरथरत होत्या.

सावळारामचा हात थांबला.

"सावळाराम, आटपा की!" आनंदराव ओरडले.

"सुतळीला गाठ बसलीया, मुकादम," तो म्हणाला आणि नसलेली गाठ सोडवत राहिला. रफीकनं भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.