चार कोपऱ्यांची खळ

फाइलमध्ये, पान सात: बंद दाराचा फोटो. दारावर नगरपालिकेची नोटीस. रस्ता रुंद करायला पुढची खोली पाडायची आहे, हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवा.

फाइलमध्ये नाही: फोटो काढून झाल्यावर नगरपालिकेच्या शिपायाने ती नोटीस ओल्या खळीसकट अलगद सोडवली. अठरा वर्षं त्याचं हेच चाललेलं. लावायची, फोटो काढायचा, सोडवायची, घरच्यांच्या हातात द्यायची. कुणाची अब्रू उगाच चव्हाट्यावर कशाला? त्या दिवशी त्या घरातली शिवणकाम करणारी बाई घरी नव्हती. म्हातारे सासरे होते.

"आजोबा, सुनेला द्या बरं का. विसराल."

"विसरायला मी काय म्हातारा झालोय?"

दोघंही हसले.

पान नऊ: मुदतीत हरकत आली नाही.

पान चौदा: बाईची कोर्टात याचिका. नोटीस मिळालीच नाही, माझं कुणी ऐकून घेतलं नाही. पुढच्या खोलीत मशीन आहे, घर त्यावर चालतं.

पान सोळा: शिपायाचं प्रतिज्ञापत्र. नोटीस दारावर चिकटवली. खाली सही.

फाइलमध्ये नाही: "भाऊसाहेब, नंतर मी ती काढली होती. तेही लिहा ना."

कायदा शाखेतल्या कारकुनाने मान वर केली नाही. "तुला कुणी विचारलंय? पेन्शनला तीन वर्षं राहिलीत ना? मग कर सही गुपचूप."

त्याने सही केली. नोटीस काढल्याचं कागदावर आलं नाही.

पान एकवीस: निकाल. खोली पाडावी की नाही, हे कोर्ट ठरवणार नव्हतं. बाईला बोलायची संधी मिळाली होती का, एवढंच बघायचं होतं. फोटो बघितला. मिळाली होती. याचिका फेटाळली.

पान बावीस अजून लागायचं आहे. तीन दिवसांत खोली रिकामी करा, असा आदेश आणि खळीचा डबा घेऊन शिपाई त्याच दारात उभा राहिला. बाई बाहेर आली, मागून आजोबा.

"अगं, हाच तो! यानेच दिला होता कागद."

आजोबांनी चष्म्याच्या डबीतून घडी काढली. "सरकारी कागद. जपून ठेवलाय बघ."

चारही कोपऱ्यांवर खळ वाळलेली. बाईने त्यांवरून बोट फिरवलं. एकेक करून.

"काका, हे कोर्टात का नाही बोललात?"

शिपायाने खळीचा डबा उघडला. त्याने आदेश चिकटवला, फोटो काढला, आणि सवयीने हात कोपऱ्याकडे गेला.

"राहू द्या," बाई म्हणाली. "बघू देत सगळ्यांना."

ती आत गेली. मशीन सुरू झालं. तीन दिवसांत द्यायचे कपडे बरेच होते.