कॉम्प्युटर कुणी बिघडवला

अनुपमा दौंडला घरबसल्या लग्नपत्रिका आणि फ्लेक्स तयार करून द्यायची. दुपारी ती स्वयंपाकघरात असली, की तिचे सासरे हौसराव कॉम्प्युटरपुढं बसत. जन्मभर रेल्वेचं इंजिन चालवून रिटायर झालेला माणूस. इंजिनाच्या काचेतून टिपलेले घाटाचे व्हिडिओ बघताना त्यांचा उजवा हात आपोआप ब्रेक धरल्यासारखा मुडपायचा.

लग्नसराई तोंडावर आली आणि कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला. एक पत्रिका उघडेपर्यंत चहा उकळून गाळून व्हायचा. त्या दिवशी गिऱ्हाईक दारात खोळंबलं होतं, पडद्यावरचं चक्र नुसतं फिरत होतं, आणि अनुपमाचा तोल सुटला.

"आप्पा, काय काय दाबत बसता हो तुम्ही? तुमच्या त्या गाड्यांनी वाट लावली याची! आता हात लावू नका."

आप्पांचे नोकरीतले जोडीदार कोंडिबा समोरच बसले होते. ते खिडकीबाहेर बघायला लागले. आप्पा "बरं" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून दुपार झाली की ते चपला घालून बाहेर पडायला लागले.

रविवारी तिनं स्वतःच दुरुस्ती काढली. कॉम्प्युटरचा डबा उघडून पंख्यातली धूळ झाडली. मग कॉम्प्युटर चालू होताना त्याच्याबरोबर काय काय सुरू होतं, ते बघायला गेली. फुकटच्या फॉन्टसाठी दिवाळीत तिनंच उतरवून घेतलेला एक प्रोग्रॅम. त्याच्या मागनं घुसलेले आणखी चार. एकमेकांच्या पायात पाय घालणारे दोन अँटिव्हायरस, तेही तिनंच टाकलेले. डिस्क तिच्याच जुन्या डिझाइनांनी गच्च भरलेली. आप्पांचं म्हणावं असं काही सापडलंच नाही. ते व्हिडिओ नेटवरच बघायचे. उतरवून घेणं त्यांना येतच नव्हतं.

घरात कुणी नसतानाही तिचे कान तापले. एकेक काढून टाकत गेली तसा कॉम्प्युटर हलका झाला, पण तिला त्याचा आनंद होईना.

आप्पा परतले तशी ती म्हणाली, "आप्पा, चूक माझीच होती. तुमच्यामुळं काहीच झालं नव्हतं."

"असू दे. झाला न्हवं नीट?"

"तुम्ही बसा ना आता."

आप्पांनी चपला कडेला सारल्या. "बोललीस तवा कोंडिबा व्हता पोरी. त्याला काय ठावं हे?"

ते रागानं म्हणाले असते, तर तिला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं कोंडिबांना चहाला बोलावलं आणि दोघांपुढं उभं राहून सगळं सांगितलं. कोंडिबा गडबडले, "अगं, त्यात काय एवढं!" आप्पा खाली मान घालून बशीत चहा ओतत राहिले.

पुढं आप्पा पुन्हा कॉम्प्युटरपुढं बसायला लागले. पण आधी स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबतात.

"अनुपमा, बसू का जरा?"

"बसा ना आप्पा, विचारता काय," ती म्हणते, आणि परातीतल्या कणकेवरची नजर काही वर उचलत नाही.