मोठ्या डॉक्टरांची सुई

मुंबईचे मोठे डॉक्टर आपली सुई बरोबर घेऊन फिरत. आज ठाणे, उद्या नेरूळ. जिथे पेशंट, तिथे त्यांचा स्टीलचा डबा. नेरूळच्या नव्या हॉस्पिटलात हुदा तान्ह्या शायमाला मांडीवर घेऊन बसली होती, आणि समोरच्या मोरीत हॉस्पिटलची कामवाली चांगुणाबाई त्याच डब्यातली सुई आणि नळी धूत होती. शेजारी चहाचे उष्टे कप. कपातली साय नळीला चिकटली, ती बाईनं बोटानं निपटली.

आत तिचा नवरा शहजाद सकाळपासून उपाशी पडून होता. तळोज्याच्या कंपनीत उभ्या उभ्या त्याचं काळीज असं उधळायचं की तो मट्‌कन खाली बसे. दोष हृदयाच्या डाव्या बाजूला. डॉक्टरांनी काल चित्र काढून सांगितलं होतं : मांडीच्या शिरेतून उजव्या कप्प्यात जायचं, मधल्या पडद्याला लांब सुईनं भोक पाडायचं, नळी डावीकडे सारायची आणि दोषाची जागा जाळायची. भोक आपसूक बुजतं. मात्र डावीकडे कचरा जाता कामा नये, तिथून वाट थेट मेंदूकडे. शहजादनं मान डोलावली. हुदानं शब्द न् शब्द धरून ठेवला. पोर झाल्यापासून तिचे कान धोक्याचंच तेवढं टिपायचे.

ती मोरीपाशी गेली. नळी आतून कशी धुता, म्हणून विचारलं. चांगुणाबाई जवळच्याच सारसोळे गावची, मोकळ्या तोंडाची.

"आतून काय धुवाचा? पानी सोरायचा नि औषदाच्या टबान बुरवायचा. दाक्तरला घाई हाय."

हुदानं नळी उजेडात धरली. आत काहीतरी काळं अडकलं होतं. ती नळी घेऊन तशीच डॉक्टरांच्या खोलीत शिरली. ते सँडविच खात होते. सासरे अहमदही तिथेच, अदबीनं उभे. याच डॉक्टरांची वेळ मिळावी म्हणून त्यांनी दहा जणांच्या दाढीला हात लावला होता. डॉक्टर हसले. नव्या नळ्या परदेशातून येतात, सगळीकडे धुऊनच वापरतात, शिकलेल्या बायका उगाच टेन्शन घेतात, असं म्हणाले. तिची खात्री पटावी म्हणून त्यांनी पिचकारीनं नळीत पाणी सोडलं. आधी स्वच्छ पाणी आलं. मग पांढऱ्या कापसावर सुक्या जवळ्याएवढी काळी गुठळी पडली.

"बघ, निघाली. आता साफ," डॉक्टर म्हणाले. कापूस टोपलीत टाकून त्याच बोटांनी त्यांनी उरलेला घास उचलला.

"ते रक्त कुणाचं होतं?" हुदानं विचारलं.

डॉक्टर चावत राहिले. सासऱ्यांनी तिच्यावर डोळे वटारले. ती बाहेर पडली, आणि जाऊन शहजादच्या अंगावरची चादर काढली.

"चल घरी."

"आणि वाटेत सुरू झालं तर?"

"तुझ्या डोक्यात दुसऱ्याचं रक्त मी नाही घालू देणार."

घरी जाताना, नावड्याच्या अलीकडे, रिक्षात सुरू झालंच. त्याचे ओठ पांढरे पडले, गळ्याची शीर फडफडू लागली. सासरे तिला शिव्याशाप देत होते. श्वास कोंड, खाली जोर लाव, कुंथ, असं झटक्यावर डॉक्टरांनीच कालचा सांगितलेला उपाय ती त्याच्या कानाशी सांगत राहिली; नाडीवरचं बोट तिनं काढलं नाही. एकदा, दोनदा, आणि मग काळीज एक ठोका चुकवून ताळ्यावर आलं.

रिक्षा थांबवून, पोर सासऱ्यांच्या हाती देऊन हुदा उतरली आणि कंपन्यांच्या काळ्या नाल्याकाठी भडभडून ओकली. तोंड पुसून परतली तेव्हा शहजाद सरकून बसला.

"दुसरा डॉक्टर शोध," तो म्हणाला. "नळी आधी तू बघायची."