बापाच्या नावाचा रकाना

मास्तरांना तिचं तीनदा सांगून झालं होतं. आधी हसत, मग कागदावर लिहून, शेवटी शेजारी खुर्ची ओढून वहीवर बोट ठेवून. वडिलांच्या नावाचा रकाना वेगळा, जन्माची खबर देणाऱ्याचा वेगळा. वहीत वडिलांचा रकाना कोरा असेल तर संगणकातही तो कोराच सोडायचा. मास्तर मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खबर देणारा वडिलांच्या जागी जाऊन बसलेला.

जुन्या प्रसूतिगृहाच्या जन्मनोंदी सात स्वयंसेवक संगणकात उतरवत होते आणि त्या तपासणं हे तिचं काम होतं. निवृत्त शिक्षक असलेल्या मास्तरांचा उरक दांडगा. म्हणूनच तिने त्यांना ठेवून घेतलं होतं आणि वेळ पुरेना तेव्हा त्यांची दोन महिन्यांची पानं न तपासताच संकेतस्थळावर जाऊ दिली होती.

मंगळवारी साठीच्या एक बाई आल्या. जन्मभर वडिलांचा शोध घेत होत्या. संकेतस्थळावर नाव सापडलं, तशा रविवारी त्या त्या माणसाच्या घरी गेल्या. तो माणूस कधीच वारला होता. दार त्याच्या बायकोने उघडलं.

"मी तुमच्या नवऱ्याची मुलगी, असं म्हटलं मी त्यांना," बाई म्हणाल्या. "त्या दारातच खाली बसल्या. त्यांचा मुलगा आता पुरावा मागतोय."

तिने वही काढली. वडिलांचा रकाना कोरा होता. ते नाव खबर देणाऱ्याचं होतं, प्रसूतिगृहाच्या पहारेकऱ्याचं. बाईंनी वही स्वतःकडे वळवून घेतली, त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिल्या आणि निघून गेल्या.

तिने संगणकात पहारेकऱ्याचं नाव शोधलं. तो एकेचाळीस मुलांचा बाप निघाला. मास्तरांकडच्या वह्यांना कसर लागली होती. शुक्रवारी त्या औषध मारून मोहोरबंद व्हायच्या होत्या, त्यानंतर दोन वर्षं कुणालाच मिळणार नव्हत्या. मास्तरांच्या नोंदी होत्या अठ्ठावीसशे.

तिने मास्तरांना गाठून डोळे तपासून घ्या म्हणून सुनावलं.

"डोळे ठीक आहेत," मास्तर म्हणाले. "चुकून नाही झालं ते. चाळीस वर्षं हजेरी घेतली मी. ज्या पोरापुढे बापाचं नाव नसायचं, त्याला हाक मारली की अख्खा वर्ग मागे वळून बघायचा. तो रकाना कोरा सोडायला हात धजत नाही माझा."

तिने त्यांच्यापुढचा कळफलक उचलला आणि वही त्यांच्या हातात दिली. तीन दिवस ते वाचत होते, ती दुरुस्त करत होती. "कोरा," असं म्हणायची वेळ आली की ते अडखळायचे. ती थांबायची नाही.

शुक्रवारी दुपारी गाडी आली तेव्हा सहाशे नोंदी राहिल्या होत्या. तिने एक दिवस मागितला, हातापाया पडायचीच बाकी राहिली. वह्या गेल्या. खरं कुठलं आणि मास्तरांचं कुठलं, हे कळायला आता मार्ग नव्हता. मग तिने त्या सहाशे नोंदींमधली वडिलांची नावं सरसकट पुसली. खरे बापही गेले. मास्तर शेजारी बसून बघत होते.

शनिवारी दोघं वहीच्या त्या एका पानाचा, खास परवानगीने काढलेला फोटो घेऊन पहारेकऱ्याच्या घरी गेली. मुलाने पान वाचलं आणि आईला समजावून सांगितलं. म्हातारीने ते हातातही घेतलं नाही.

"मग तिथे यांचं नाव घातलं कुणी?"

"मी," मास्तर म्हणाले.

"आठवडाभर मी यांचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलाय," म्हातारी म्हणाली. "नाही नाही ते बोलले त्यांना. आता ते मागे कसं घेऊ, सांगा."

मास्तर उभेच राहिले. शेवटी तिनेच त्यांच्या दंडाला धरून त्यांना जिना उतरवला. सोमवारी ते आले नाहीत. तिनेही बोलावणं धाडलं नाही. उरलेल्या सहा जणांची पानं समोर घेऊन ती पहिल्या ओळीपासून तपासायला बसली.